उभा दंडवत

रात्रभर भुरभुर पाऊस लागला होता आणि वेचणीला आलेला कापूस पराटीच्या झुडपांवरच ओला होऊन लोंबत होता. ओला वेचावा तर व्यापारी नाक मुरडतो, वाळू द्यावा तर आभाळ पुन्हा भरून आलेलं. केशरबाईनं सकाळचं नामस्मरण आटोपलं. ते झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. मग तिनं भाकरी बांधल्या आणि वावर गाठलं.

येरंडगावच्या त्या पट्ट्यात विहिरी होत्या, पण पाणी खारं. पिकाला दिलं तर काळी जमीन वाळून दगडासारखी होई. म्हणून वावरात जे यायचं ते आभाळाच्या पाण्यावर, आणि आता पौषात नको तेव्हा तेच आभाळ फाटत होतं.

शेजारच्या तासात, म्हणजे पराटीच्या ओळीत, मैनाबाई वेचत होती. दोघी एका वयाच्या, एकमेकींच्या वावरात वेचणीला जाणाऱ्या. कमरेला बांधलेल्या झोळ्या फुगून दोघींची पोटं भरल्या दिवसांची दिसत होती. ओल्या बोंडांची टोकं बोटांत घुसत होती. केशरबाईच्या अंगठ्याशेजारची चीर पुन्हा उकलली होती, तिला कापसाचा तंतू चिकटून लाल झाला होता.

"हात चालव वं केशर," मैनाबाई म्हणाली. "जीभ त तू चालवतच नाई, निदान हात त चालव."

केशरबाई नुसती हसली. तेवढ्यात धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, तिची लेक आचल येताना दिसली. सायकल हातात धरलेली, चाकांना चिखलाचे गोळे, शाळेचा गणवेश गुडघ्यापर्यंत काळा झालेला.

"शाळा सुटाले येळ हाय ना?" केशरबाईनं विचारलं.

"मी निघून आली."

"काहून?"

आचलनं सायकल पराटीतच आडवी टाकली. "चित्रकलेचे प्रस्ताव मंडळाकडं जाऊन राह्यले. हेडसरनं सगळ्याईचे प्रमाणपत्र जोडले. माहं नाई जोडलं."

"तुहंच त सगळ्यात वरचं हाय."

"म्हणूनच त सांगून राह्यली. ते अध्यक्षाच्या टेबलाच्या खणात हाय. अध्यक्ष खुशालराव म्हणते, मायले घेऊन ये. मायलेकी अण्णासायबाच्या पुतळ्यापुढं दंडवत घाला, मंग घेऊन जा. संक्रांतीच्या आत प्रस्ताव गेला नाई त गुण भेटत नाई."

मैनाबाईनं कंबर सरळ केली. "पुतळ्याले का दंडवताची टंचाई पडली काय बाप्पा?"

आचलला हसू आलं नाही. ती खाली बसली आणि ओल्या मातीत काडीनं रेघा ओढू लागली. तिला रिकामं बसता येत नसे. हातात काडी असो, खडू असो, काही ना काही उमटत राही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला अ श्रेणी मिळाली होती, शाळेतून एकटीला. स्मरणचित्राला तिनं कापूस वेचणाऱ्या बाया काढल्या होत्या, झोळ्यांनी पोटं फुगलेल्या. एका बाईचा अंगठा तिनं लाल रंगवला होता. चित्रकलेच्या ललित सरांनी विचारलं होतं, "हा डाग पडला काय?" ती म्हणाली होती, "नाई सर, ते तसंच असते."

अ श्रेणीचे दहावीच्या निकालात सात गुण वाढून मिळतात. आचलचं गणित जरा डळमळीत. बाकी विषयांत ती कुठं मागं नव्हती, पण अमरावतीच्या ज्या विज्ञान कॉलेजात मुलींचं वसतिगृह होतं, तिथली यादी दरसाल अर्ध्यापाव टक्क्यावर येऊन थांबायची. सात गुण म्हणजे दीड टक्क्याच्या घरात. तेवढ्यात दार उघडतं नाहीतर लागतं. आणि ते लागलं तर गावातलंच कॉलेज, खुशालरावांचं. तिथं अकरावी विज्ञानाची तुकडी कागदावर होती, प्रयोगशाळेत संस्थेच्या समारंभाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि पोरं भरायची म्हणून खुशालराव हुशार पोरांच्या घरी स्वतः चहाला जायचे.

"माह्या भावनाचे पाच गुण असेच गेले," मैनाबाई म्हणाली. "ब श्रेणी होती तिची. कोणं पाठवलंच नाई. मले त असे गुण राह्यते हेच ठाऊक नव्हतं. आता बसते त्याच्या कॉलेजात, खुर्च्याईच्या मांडीवर."

"अवं, पण पोरीनं केलं तरी का एवढं?" पलीकडच्या तासातली एक म्हातारी ओरडून विचारू लागली.

केलं होतं ते एवढंच. मागच्या महिन्यात अण्णासाहेबांची, म्हणजे खुशालरावांच्या वडिलांची पुण्यतिथी झाली. शाळेच्या अंगणात त्यांचा अर्धपुतळा आहे. प्रमाणपत्र घ्यायला आलेलं एकेक पोर चौथऱ्यावर डोकं टेकवत होतं. आचलची पाळी आली तेव्हा माईकवरून सांगितलं गेलं, "आता आचल अण्णासाहेबांना दंडवत घालेल." केशरबाईचं माहेर रिद्धपूरच्या शेजारचं, महानुभावांचं. त्या घरात दंडवत हा दारात आलेल्याला म्हणायचा शब्द. दूधवाला आला, दंडवत प्रणाम. सोयरा आला, दंडवत प्रणाम. आचल लहानपणापासून तेच ऐकत आलेली. तिनं पुतळ्यासमोर ताठ उभं राहून हात जोडले, स्वच्छ आवाजात "दंडवत प्रणाम" म्हणाली आणि प्रमाणपत्रासाठी हात पुढं केला. मागं पोरं फिसकन हसली. खुशालरावांनी पुढं केलेला कागद मागं घेतला. "घरी शिकून ये," ते म्हणाले होते.

"मले नोको ते सात गुण," आचल मातीतली रेघ पुसत म्हणाली. "मी गणितात काढीन."

केशरबाईनं झोळीतला कापूस ढिगावर ओतला. "गणितात काढजो. पण हे सात बी तुहेच हाय. आपलं कोणाच्या खणात काहून ठेवाचं?"

*

गोपाल, केशरबाईचा नवरा, जिनिंगवरचं ट्रॅक्टरचं काम आटोपून दिवेलागणीला घरी आला. अंगावर सरकीची धूळ, डोळे लाल. त्यानं हातपाय धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग घालून टाका दंडवत. डोकं टेकवल्यानं का झिजते का?"

गोपालला अडचण नव्हती. तो मारुतीपुढं टेकवी, शेगावला टेकवी, रस्त्यात शेंदूर लावलेला दगड दिसला तर ट्रॅक्टर थांबवून टेकवी. केशरबाईनं त्याला कधी अडवलं नाही. तिचा नेम तिच्यापुरता. परमेश्वराच्या स्थानाशिवाय माथा टेकवायचा नाही, असं व्रत तिनं रिद्धपुरात घेतलं होतं, तेव्हा ती आचलएवढीच होती.

"पोरगी बी तसंच करते, तुहं पाहून," गोपाल म्हणाला. "आपल्या वावरातून निघाले रस्ता कोणाच्या धुऱ्यावरून हाय? खुशालरावाच्या. उद्या त्यानं काट्या टाकल्या त कापूस का पाखरासारखा उडवत आणतं?"

"मी कुठं नाई म्हणून राह्यली," केशरबाई भाकरी उलटत म्हणाली. "दंडवत सांगतला ना? जाईन. घालीन."

"पाहाय. अशी समजदारीनं बोलत जाय."

आचलनं ताट पुढं सरकवलं. "आई, तू वाकशीन त्याच्यापुढं?"

"जेव," केशरबाई म्हणाली. "मी दंडवत म्हटलं. वाकाचं कोण म्हटलं?"

गोपालचा घास हातात राहिला. पण त्या बोलण्यात चढ नव्हता, उतार नव्हता. त्याला वाटलं आपणच काही भलतं ऐकलं, आणि तो जेवत राहिला.

*

शाळेत पालकसभा होती. केशरबाईनं स्मरण उरकलं, धुतलेलं लुगडं नेसली, बोटाच्या चिरेवर हळद भरली. आचल शेजारी चालत होती, ओठ मिटून.

वऱ्हांड्यात खुशालराव उन्हाला पाठ देऊन खुर्चीवर बसले होते. बाजूला मुख्याध्यापक जानराव सर आणि चित्रकलेचे तरुण ललित सर. बंडू शिपाई चहा वाटत होता. अंगणात पंधरावीस आईबाप सतरंजीवर.

"या, केशरबाई," खुशालराव म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. "पोरीले हुशार केलं तुमी. पण हुशारी अन् वळण, दोन येगळ्या गोष्टी हाय."

"हो ना भाऊ."

"अण्णासायबानं शाळा काढली नसती त तुमची पोरगी ढोरं चारत असती."

"हो. त्याईचे उपकार हाय."

"मंग? दंडवत घालाले आंग दुखते का?"

"नाई दुखत," केशरबाई म्हणाली. "त्याच्यासाठीच त आली."

सतरंजीवरच्या माना वळल्या. केशरबाई पुतळ्यासमोर गेली. तिनं पदर सावरला, हात जोडले, छातीशी आणले. "दंडवत प्रणाम, अण्णासायेब." मग ती वळली. "दंडवत प्रणाम, भाऊ," खुशालरावांना. "दंडवत प्रणाम, सर," जानराव सरांना, ललित सरांना. आणि चहाची ताटली धरून उभ्या असलेल्या शिपायाला, तेवढ्याच मापात, "दंडवत प्रणाम, बंडूभाऊ."

बंडूची ताटली हलली. त्याला हात जोडता येईनात, तर त्यानं मानच खाली घातली. "दंडवत, ताई."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"हा दंडवत होय?" खुशालराव म्हणाले. "दंडवत म्हणजे काठीसारखं आंग टाकाचं भुईवर. डोकं त्या चौथऱ्याले लागलं पायजे."

"आमच्या घरी रोजचा हाच असते, भाऊ. येणाऱ्याले, जाणाऱ्याले. तो तुमाले घातला. मोठा दंडवत आमच्याजवळ एकच हाय. तो रिद्धपुरात ठेवला. तो काई गावोगाव घेऊन फिरता येत नाई."

ती भांडत नव्हती. घरात पाहुण्याला साखर संपली सांगावं तशी ती बोलली, म्हणूनच कोणाला मध्ये पडता येईना. खुशालरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मंग सात गुण बी रिद्धपुरातच मांगा," ते म्हणाले.

या वेळी मंडळी मोकळी हसली. आचलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. केशरबाई हसण्याचा जोर सरेपर्यंत थांबली.

"गुण तुमचे नाई, भाऊ. तुमच्या खणात हाय, एवढंच. येते मी. दंडवत."

ती निघाली. फाटकापाशी ललित सर मागून पळत आले. "ताई, मी प्रस्ताव भरून ठेवला हाय. फक्त प्रमाणपत्र अन् हेडसरची सही पायजे. पण मी कंत्राटावरचा माणूस. खणाले हात लावला त उद्या मी इथं नसन."

"तुमी नोका लावू, सर," केशरबाई म्हणाली. "तुमी पोरीले हात शिकवला. तेवढं लय झालं."

*

दुसऱ्या दिवशी धुऱ्याच्या तोंडावर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. वावरात वेचलेल्या कापसाचा ढीग, वर फाटकी ताडपत्री, आणि आकाशात दुपारपासून काळं जमू लागलेलं. गोपाल ट्रॅक्टर घेऊन आला, काट्यांसमोर थांबला, परत वळवला. घरी येऊन त्यानं केशरबाईकडं पाहिलं नाही. टोपी घातली आणि खुशालरावांच्या घरी गेला.

तिथं ओसरीवर चारपाच जण बसले होते. गोपाल पायरीखाली उभा राहिला. खुशालराव कोणाशी तरी तुरीच्या भावाचं बोलत होते. चहा आला. तो ओसरीवरच्यांपर्यंत आला, पायरी उतरला नाही. गोपालनं दोनदा "पाटील" म्हटलं. तिसऱ्यांदा खुशालरावांनी मान वळवली.

"अरे, गोपाल. कवाचा आला? बस म्हटलं असतं, पण तुह्या घरी उभ्याचीच रीत हाय म्हणते. तुह्या बायकोचा दंडवत उभा. मंग तू बी उभाच राह्य."

ओसरी हसली. खुशालराव पुन्हा तुरीच्या भावाकडं वळले.

गोपाल उभा राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. पायाखालच्या फरशीवर शेळीच्या लेंड्या होत्या, त्या तो पाहत राहिला. या माणसाच्या वडलांचं शेत त्यानं नांगरलं होतं. याच्या पोरीच्या लग्नात रात्रभर पाणी वाढलं होतं. पुतळा बसवला त्या दिवशी चौथऱ्यावर त्यानंच पहिला माथा टेकवला होता, कोणी सांगितलं नसताना.

तो घरी आला तेव्हा केशरबाई पोती उसवून चादरी शिवत होती.

"हे का करून राह्यली?"

"गाठोडे बांधाले. डोक्यावर काढू. नाल्यातून सडकेवर निघते."

"नाल्यात गुडघाभर चिखल हाय."

"हो."

गोपाल उंबऱ्यावर बसला. त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मले बी एक मोठी शिव. मी दोन बायांचं नेईन." आणि थोड्या वेळानं, "आजपासून मी तिथं डोकं टेकवत नाई. पुतळ्याले बी नाई, जित्याले बी नाई."

केशरबाईनं सुई थांबवली नाही. "तुमच्या मारुतीले टेकवत जा," ती म्हणाली. "त्याच्याशी आपलं भांडण नाई."

*

सकाळी मैनाबाई आली ती सहासात जणी घेऊन. कोणी वेचणीच्या सोबतिणी, कोणी गल्लीतल्या. भावनाही आली होती, कॉलेज बुडवून.

"बुडवाले कॉलेज लागते," मैनाबाई म्हणाली. "हिचं त आधीच बुडलेलं हाय."

गाठोडी बांधली. डोक्यावर चुंबळी ठेवल्या. एकमेकींनी हात दिला आणि कापूस डोक्यावर चढला. कापूस हलका म्हणतात. ओल धरलेला कापूस ज्यानं वाहिला त्याला विचारावं. मान खांद्यात रुतत होती. नाल्यातली काळी माती पाय सोडत नव्हती, सोडला तर चप्पल ठेवून घेत होती. शेवटी सगळ्यांनी चपला काठावरच सोडल्या. गोपाल सगळ्यात पुढं, दोन गाठोडी एकावर एक रचून, पायानं तळ चाचपत. आचल आईच्या मागं. तिच्या डोक्यावरचं गाठोडं लहान नव्हतं. तिनं लहान घेतलंच नाही.

नाला जिथं सडकेला लागतो, तिथून गावात जाताना शाळा मध्ये येते. चढण चढून वर येताच केशरबाईला फाटकात खुशालराव दिसले. शेजारी जानराव सर. शाळा भरायची वेळ, अंगणभर पोरं.

"पाहून राह्यला तो," मैनाबाई मागून म्हणाली. "आता का करतं?"

"माणूस समोर आला त का करतो आपण? नमस्कार करतो."

"मले तुहा दंडवत जमन नाई वं. मी जयभीमच म्हणीन."

"म्हण ना. तुहा तू म्हण."

गोपाल फाटकापाशी पोचला. डोक्यावर दोन गाठोडी, दोन्ही हात ती धरायला गुंतलेले. त्यानं पाटलांच्या डोळ्यांत पाहिलं. "रामराम, पाटील." आणि पुढं गेला. डोक्यावर ओझं असलं की मान वाकवता येत नाही. वाकवली तर सगळं चिखलात.

मागं केशरबाई. घाम पापण्यांवरून खाली येत होता. "दंडवत प्रणाम, भाऊ."

"दंडवत प्रणाम, दादा," आचल.

"जयभीम, पाटील," मैनाबाई, खणखणीत. तिच्या मागं भावना, "जयभीम, सर." मग ती म्हातारी, जिला दिसायचं कमी, तिनं आपण कोणाला म्हणतोय ते न पाहताच "रामराम बाप्पा रामराम" म्हटलं. मागच्या प्रत्येकीनं आपापलं म्हटलं. प्रत्येकीची मान ताठ, नजर समोर, पायांना गुडघ्यापर्यंत काळा चिखल. कोणी टोमणा मारला नाही, कोणी थांबलं नाही. खुशालरावांना एकीवरही रागावता येईना. नमस्कारच तर करत होत्या. पहिल्या दोघांना त्यांनी मान हलवून उत्तर दिलं, पुढच्यांना नाही, आणि उत्तर न देणं अंगणातल्या सगळ्या पोरांना दिसलं.

खेप टाकून बाया परत फिरल्या. दुसऱ्या खेपेला पुन्हा तीच ओळ, तेच फाटक. आता मधली सुट्टी झाली होती, पोरं कुंपणावर चढली होती. "आली, आली." एका पोरानं डोक्यावर दप्तर ठेवून मान ताठ केली आणि चालून दाखवलं. "दंडवत प्रणाम." पोरं खदखदली. खुशालराव वळले, "जानराव, पोरं वर्गात घ्या," म्हणाले.

जानराव सर आत गेले, पण वर्गाकडं नाही. या माणसानं आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं, म्हणून तर ते मुख्याध्यापक झाले होते. अध्यक्षांच्या खोलीतल्या टेबलाच्या खणाला कुलूप नव्हतं. कुलपाची गरज आजवर कोणाला वाटली नव्हती. ते बाहेर आले तेव्हा हातात प्रमाणपत्र होतं. वऱ्हांड्यातच भिंतीला टेकवून त्यांनी प्रस्तावावर सही केली. ललित सर शेजारी उभे.

"आजच पाठवा सर हे. आत्ता," जानराव सर त्यांना म्हणाले.

"जानराव," खुशालराव फाटकातून म्हणाले, "मी का सांगतलं होतं?"

"दंडवत झाल्यावर द्या म्हणाले होते, सायेब." सरांनी पेनाला टोपण नीट लावलं. "मी सकाळपासून पाहून राह्यलो. लय झाले दंडवत. आता ह्याच्यावर कोण घालन?"

केशरबाई तेव्हा फाटकासमोरून जात होती. तिला पुरतं ऐकू गेलं नाही. आचलनं ऐकलं. तिनं गाठोड्याचा हात सोडला नाही की पळाली नाही. खेप पुरी केली, गाठोडं घराच्या ओसरीवर टाकलं आणि मग त्याच कापसात तोंड खुपसून पडून राहिली. आईनं पाठीवरून हात फिरवला.

"ऊठ. ढीग बाकी हाय. वरतून पाणी येऊन राह्यलं."

*

शेवटचं गाठोडं घरात आलं आणि पाऊस आला. थोडा कापूस पिवळा पडलाच. धुऱ्यावरच्या काट्या तशाच राहिल्या. पुढं हरभराही त्यांनी नाल्यातूनच काढला. ललित सरांचं कंत्राट उन्हाळ्यात संपलं ते पुन्हा झालं नाही. ते अकोल्याला एका छापखान्यात लागले असं कळलं.

निकाल लागला. गणितात आचलचं व्हायचं तेच झालं, पण बेरजेत सात गुण आले होते आणि ती शाळेत पहिली आली. अमरावतीच्या यादीत तिचं नाव खालून तिसरं होतं. त्या सातांशिवाय ते तिथं नसतं.

ज्या दिवशी ती निघाली, त्या दिवशी बसथांब्यावर मोठा फलक लागला होता. "आमच्या विद्यालयाची शान" आणि आचलचा गणवेशातला फोटो, दोन्ही बाजूंना अण्णासाहेब आणि खुशालराव. फोटो पालकसभेच्या दिवशीचा असावा, ओठ मिटलेले होते.

"फलक लावाले त नाई इचारलं त्यानं," मैनाबाई म्हणाली. "फोटोतल्या तुले वाकवता आलं असतं त तेबी केलं असतं."

थांब्याच्या टपरीवर खुशालराव उभे होते, नव्या पोरांच्या बापांशी बोलत. अकरावीची तुकडी अजून भरायची होती.

बस आली. गोपालनं वळकटी वर टाकली. पत्र्याची पेटी आचलनंच डोक्यावर घेतली. केशरबाईनं तिच्या खांद्याच्या पिशवीत भाकरीचा डबा सरकवला.

"सकाळी उठल्यावर?"

"आधी स्मरण. मंग पाणी."

"अन् कोणी भेटलं त?"

आचल हसली. पेटी सावरत ती दाराकडं वळली तेव्हा टपरी अगदी समोर आली. ती थांबली. मान ताठ, दोन्ही हात पेटीला.

"दंडवत प्रणाम, दादा. येते मी."

नव्या पोरांच्या बापांनी पाहिलं. फलकावरच्या पोरीला त्यांनी ओळखलं आणि ते खुशालरावांकडं पाहू लागले, हे आता काय म्हणतात म्हणून.

खुशालरावांचा एक हात छातीपर्यंत वर आला. दुसरा हात वर यायच्या आत आचल आत चढली होती आणि बस सुटली होती.